अर्धी वापरलेली शाईची कार्ट्रिज सुकू न देता कशी जपावी: सांगलीचं ऊन आणि पाऊस धरून

शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. मधल्या दीडेक महिन्यात जिल्ह्यातल्या शाळा, क्लास आणि घराघरांतले इंकजेट प्रिंटर तसेच पडून असतात. मग पहिल्या दिवशी कुणीतरी हजेरीपत्रक छापायला घेतं आणि कागदावर पांढऱ्या रेघा उमटतात. ‘कार्ट्रिज सुकली’ म्हणून ती कचऱ्यात जाते आणि नवी येते. कित्येकदा त्या टाकलेल्या कार्ट्रिजमध्ये निम्मी शाई शिल्लक असते.

मी सांगलीत क्लासच्या प्रश्नपत्रिका आणि थोडंफार डीटीपीचं काम घरूनच करतो. कार्ट्रिजवाले आणि टाकीवाले, दोन्ही प्रिंटर वापरून झालेत. ज्यांनी नुकताच पहिला प्रिंटर घेतलाय, त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी सुकतं काय ते बघू. शाईत बरंचसं पाणी असतं. ते लवकर उडू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन, ग्लायकॉल अशी ओल धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. तरी उघड्या हवेत पाणी उडतंच. शाई ज्यातून कागदावर पडते त्या नोझलचं भोक केसाहून बारीक, त्यामुळे तिथली शाई सगळ्यात आधी घट्ट होते. आतल्या स्पंजमधली शाई मात्र ओलीच राहते. त्यामुळे जपायचं ते मुख्यतः कार्ट्रिजचं तोंड. एचपी आणि कॅननच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे रंगाचे कण पाण्यात विरघळलेले नसतात, नुसते मिसळलेले असतात. ती वाळली की नुसत्या पाण्याने सहजी सुटत नाही. रंगीत शाई बहुधा डायची असते, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला, ती त्या मानाने सुटते. काळ्याकडे जास्त लक्ष द्या ते यासाठी.

१. तुमची कार्ट्रिज कोणत्या जातीची आहे ते बघा

ही पायरी वगळू नका. पुढचा सगळा सल्ला हिच्यावर अवलंबून आहे, आणि एका जातीचा उपाय दुसरीला लावला की नुकसान ठरलेलं.

कार्ट्रिजवरच हेड (नोझल असलेला, शाई कागदावर सोडणारा भाग) असलेली जात: कार्ट्रिजच्या पाठीवर तांब्याच्या ठिपक्यांची पट्टी दिसते आणि खाली छोटी चकचकीत पट्टी, म्हणजे नोझल. एचपी ६८०, ८०३, कॅनन ७४५ आणि ७४६ या अशा. आपल्याकडच्या स्वस्त घरगुती प्रिंटरमध्ये हीच जात जास्त. ही काढून ठेवता येते.

हेड प्रिंटरच्या आत असलेली जात: कार्ट्रिज म्हणजे नुसता शाईचा डबा. शाई बाहेर पडायचं एक तोंड आणि बऱ्याच कार्ट्रिजवर छोटी चिप. एप्सनच्या जुन्या सुट्या रंगांच्या कार्ट्रिज आणि ब्रदरच्या एलसी मालिकेतल्या अशा असतात.

टाकीवाले: एप्सन एल३११०, एल३२१०, कॅननची जी मालिका, एचपीचे स्मार्ट टँक. यात कार्ट्रिज नसतेच, बाटलीने शाई भरायची. कॅननच्या जी मालिकेत झाकण उघडलं की कार्ट्रिजसारखे दोन ठोकळे दिसतात. ती हेडं आहेत. कुतूहलापोटी काढू नका, नळ्यांत हवा शिरते.

२. काढायची खरंच गरज आहे का?

बहुतेक वेळा नसते. कार्ट्रिजसाठी सगळ्यात चांगली जागा प्रिंटरच. बटण दाबून प्रिंटर बंद केला की आतली गाडी, म्हणजे कार्ट्रिज घेऊन सरकणारा भाग, एका कडेला, बहुधा उजवीकडे, जाऊन थांबते आणि खालून रबराची टोपी नोझलवर बसते. इतकं नीट झाकण आपल्याला घरी करता येत नाही.

‘रंगीत फारसं लागत नाही, मग काढून ठेवू’ असं बरेच जण करतात. एचपीच्या दोन कार्ट्रिजवाल्या बऱ्याच प्रिंटरमध्ये एकीवर काम चालतंही. पण ती सोय कार्ट्रिज संपल्यावर अडू नये म्हणून आहे. चांगली कार्ट्रिज कपाटात टाकण्यापेक्षा तिला प्रिंटरमध्येच ठेवा आणि आठवड्याला एक रंगीत पान छापा.

काढायची खरी कारणं मोजकीच: प्रिंटर दुरुस्तीला द्यायचा आहे, विकायचा आहे, लांब न्यायचा आहे, किंवा बंद पडलाय आणि त्याच कार्ट्रिजचा दुसरा प्रिंटर यायचा आहे.

हेड प्रिंटरच्या आत असलेल्या जातीच्या कार्ट्रिज काढून जागा रिकामी ठेवू नका. आत हेडला हवा लागते, तिथली शाई वाळते, आणि हेड बदलायचा खर्च ऐकला की लोक नवा प्रिंटरच घेतात. कार्ट्रिज पूर्ण संपली असेल तरी नवी हातात येईपर्यंत जुनी जागेवरच राहू द्या. नंतर बाजारातून नवी आणू म्हणून जुनी आठवडाभर आधीच फेकून देणारे मी पाहिलेत.

३. लागणारं सामान

- घट्ट झाकणाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा किंवा झिपची पिशवी, प्रत्येक कार्ट्रिजला वेगळी
- धागे न सुटणारं कापड (चष्मा पुसायचं चालतं)
- डिस्टिल्ड वॉटर
- मिळाली तर रबरी गादी असलेली कार्ट्रिज क्लिप
- कागदी चिकटपट्टी आणि पेन, तारीख लिहायला
- हातमोजे किंवा जुनं फडकं, कारण ही शाई नखांतून दोन दिवस जात नाही

डिस्टिल्ड वॉटर औषधाच्या दुकानात किंवा गाड्यांच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. बॅटरीवाल्याकडे गेलात तर ‘बॅटरीत टाकायचं पाणी’ असं स्पष्ट सांगा. तिथेच ॲसिडही असतं आणि बाटल्या सारख्याच दिसतात. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातला क्षार वाळून मागे राहतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच, आणि नोझलच्या भोकात तेवढा पुरेसा असतो.

क्लिप म्हणजे नोझलवर रबर दाबून बसणारा प्लॅस्टिकचा चिमटा. रिफिल किटसोबत येते, रिफिल करणाऱ्या दुकानातही विचारा. आपल्याच नंबरची घ्या, दुसऱ्या कार्ट्रिजची क्लिप घट्ट बसत नाही.

४. काढणं आणि डब्यात ठेवणं (फक्त हेडवाल्या कार्ट्रिजसाठी)

काढायच्या आधी एक नोझल चेक (सगळी भोकं चालतात का ते दाखवणारं चाचणीचं पान) छापा आणि तो कागद ठेवून द्या. परत बसवाल तेव्हा आधी काय दिसत होतं ते कळलं पाहिजे. नाहीतर मूळची उणीव आणि नंतरची उणीव यांत फरक करता येत नाही.

प्रिंटर चालू असतानाच झाकण उघडा आणि गाडी मध्ये येऊन थांबू द्या. कार्ट्रिज दोन्ही बाजूंनी धरा. तांब्याच्या ठिपक्यांना आणि नोझलला बोट लावू नका, बोटाचं तेल तिथे बसतं. नोझलवर शाईचा थेंब लोंबत असेल तर ओलसर कापडावर एकदा हलकेच टेकवून उचला. घासायचं नाही. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंगांची नोझलं शेजारी शेजारी असतात. घासलं की पिवळ्यात निळा शिरतो आणि पुढची काही पानं हिरवट येतात.

क्लिप असेल तर ती लावून, प्रिंटरमध्ये बसते तशीच नोझल खाली ठेवा. क्लिप नसेल तर डब्यात अशी ठेवा की नोझल वर किंवा बाजूला राहील आणि कशालाही टेकणार नाही. नोझलवर उभी केली तर शाई झिरपत राहते, आणि खाली कागद असेल तर तो शाई शोषून घेतो.

डब्याची झाकणं घट्ट लावा. वर कार्ट्रिजचा नंबर, तारीख आणि प्रिंटरचं नाव लिहा. शाळेत दोन-तीन प्रिंटर असतील तर हे नक्की करा.

आता सापळे, कारण नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं.

सेलोटेप लावायची नाही. तिचा गोंद नोझलवर राहतो आणि काढताना शाई बाहेर ओढली जाते. मूळची संरक्षक पट्टी जपून ठेवून परत चिकटवणारेही आहेत. एकदा सोललेली पट्टी पुन्हा लावू नका, ती नीट बसत नाही, गळती होते आणि रंग एकमेकांत जातात.

बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डब्यात टाकायची नाही. ‘कोरडं राहील’ या चांगल्या हेतूने ती टाकली जाते, आणि पुडी नोझलमधलीच ओल खेचून घेते.

याच्या उलट, डब्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवायची युक्ती आहे. ती अगदी चुकीची नाही. बोळा पिळून नुसता दमट ठेवला आणि तो कार्ट्रिजला लागत नसेल, तर जत-आटपाडीच्या कोरड्या मे महिन्यात दोन-चार आठवडे उपयोग होतो. पावसाळ्यात मात्र करू नका. ठिपक्यांवर ओल बसते, बुरशीही धरते. माझं मत विचाराल तर क्लिप असताना बोळ्याची गरज पडत नाही.

५. डबा कुठे ठेवायचा

एचपी आपल्या सूचनांमध्ये कार्ट्रिज १५ ते ३५ अंशांत ठेवायला सांगते. सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरचा पारा चाळिशीकडे जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत त्याहून जास्त होतं. म्हणून लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा, पश्चिमेची खिडकी, स्कूटरची डिकी, या जागा बाद. सिमेंटच्या स्लॅबखालच्या आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, उन्हापासून लांब ठेवा. दगडी भिंतींचं जुनं घर असेल तर त्याहून बरी जागा नाही.

फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर थंड कार्ट्रिजवर पाणी साचतं आणि ते ठिपक्यांवर उतरतं. बर्फाच्या कप्प्यात तर शाई गोठून फुगते. शिवाय घरात मुलं असतात आणि शाईचा डबा लोणच्याशेजारी असावा असं मला तरी वाटत नाही.

पावसाळ्यात शिराळ्याकडे, किंवा साताऱ्यातल्या महाबळेश्वर-पाचगणीला, प्रश्न उलटा असतो. हवा दमट, त्यामुळे नोझल लवकर वाळत नाही, पण तांब्याचे ठिपके काळे पडू शकतात. तिथे घट्ट झाकण पुरेसं. वर आणखी काही करू नका.

किती दिवस? जितके कमी तितके बरे. काढलेली कार्ट्रिज काही आठवडे सहज टिकते. महिने गेले की खात्री देता येत नाही. एप्सनच्या सुट्या कार्ट्रिज पाकीट फोडल्यापासून सहा महिन्यांत वापराव्यात असं कंपनी सांगते. न फोडलेली कार्ट्रिज मात्र पाकिटातच राहू द्या. ‘बघूया कशी आहे’ म्हणून फोडू नका.

६. सुट्टीत प्रिंटर बंद ठेवताना

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, गाडी कडेला जाऊन आवाज थांबू द्या, मग भिंतीवरचा खटका. नुसता खटका बंद केला तर गाडी अर्ध्यात राहू शकते आणि नोझल उघडं पडतं. शाळांमध्ये नेमकं हेच घडतं: शिपाईमामा संध्याकाळी मुख्य खटका पाडून जातात. त्यांची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवा.

छापताना वीज गेली तर ती आल्यावर प्रिंटर एकदा चालू करा, गाडी जागेवर जाऊ द्या, आणि मग बटणाने बंद करा. वळीव सुरू झाले की हे वारंवार करावं लागतं.

सुट्टीतही आठवड्याला किंवा फार तर पंधरवड्याला एक पान छापा, ज्यात काळा आणि तिन्ही रंग थोडे थोडे येतील. एवढ्याला शाई नगण्य लागते. शाळेला कुलूप असेल तर मुख्याध्यापकांना विचारून प्रिंटर जवळ राहणाऱ्या एखाद्या शिक्षकांकडे ठेवता येतो. सरकारी वस्तू असेल तर नोंदवहीत तशी नोंद करून घ्या, नंतर तपासणीत प्रश्न नको.

७. परत बसवताना

ठिपक्यांवर शाई किंवा धूळ असेल तर कापडाला डिस्टिल्ड वॉटर लावून फक्त ठिपके पुसा. दहा मिनिटं वाळू द्या आणि मग बसवा. नोझल चेक छापून जुन्या कागदाशी ताडून बघा.

रेघा तुटक आल्या तर प्रिंटरच्या मेन्यूतलं क्लीनिंग एकदा करा. फार तर दोन-तीनदा. प्रत्येक वेळी चांगली शाई वाया जाते, आणि ती आतल्या शोषक गादीत जाऊन साठते. गादी भरली की काही प्रिंटर तक्रार करून थांबतात. सुधारणा नसेल तर प्रिंटर बंद करून रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा नोझल चेक. नुसत्या थांबण्याने बऱ्याच वेळा काम होतं, पण तेवढा धीर कुणाला नसतो.

तरीही अडलं तर, हेडवाल्या कार्ट्रिजसाठी: कापड चौपदरी करा, कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलं करा आणि नोझल त्यावर दोन मिनिटं टेकवून ठेवा. कापडावर काळा किंवा तिन्ही रंगांचा ठसा उमटला की मार्ग मोकळा झाला. उमटला नाही तर पाणी बदलून पुन्हा.

टाचणी लावू नका. तोंडाने फुंकू नका, सुईच्या सिरिंजने जोर लावू नका. सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं द्रव्य, पेट्रोल यांतलं काहीही वापरू नका. एचपी तर कार्ट्रिज साफ करायला अल्कोहोलही वापरू नका म्हणते. उकळत्या पाण्याची युक्ती सांगणारे भेटतील. कार्ट्रिज प्लॅस्टिक आणि गोंदाची असते, एवढं लक्षात ठेवून त्यांना नमस्कार करा.

दुसऱ्या प्रिंटरमध्ये बसवणार असाल तर आणखी एक अडचण येऊ शकते. एचपीमध्ये ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ नावाची सोय आहे. ती चालू असताना बसवलेली कार्ट्रिज त्याच प्रिंटरशी बांधली जाते आणि दुसरीकडे चालत नाही. ‘खराब निघाली’ म्हणण्याआधी हे तपासा. दुसऱ्या प्रिंटरवर शिल्लक शाईचा आकडाही चुकीचा दिसू शकतो. त्याकडे फार लक्ष देऊ नका, छपाई फिकी होईपर्यंत चालवा.

८. टाकीवाल्यांसाठी

उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती उभी ठेवा, अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका, रंग आणि नंबर विसरले जातात. टाकी खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते.

महिनाभर बंद राहिला तर टाकीवाला कार्ट्रिजवाल्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण हेड कायमचं आत असतं. आठवड्याचं पान याच्यासाठी जास्त महत्त्वाचं.

९. पुराच्या दिवसांत

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी हे आधीच वाचून ठेवावं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. माळ्यावर सामान न्यायची घाई सुरू होते तेव्हा प्रिंटर शेवटी आठवतो, आणि मग तो आडवा करून जिन्यातून नेला जातो.

कार्ट्रिजवाला प्रिंटर कार्ट्रिज आत ठेवूनच, बटणाने बंद करून, सरळ उचला. टाकीवाला तर अजिबात कलता करायचा नाही. टाक्यांची झाकणं दाबून घट्ट करा, काही जुन्या एप्सनना बाजूला वाहतुकीचा खटका असतो तो बंद करा, मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि दोघांनी मिळून पातळीत न्या. कललाच तर आधी काही तास सरळ ठेवा, मग चालू करा.

पाण्यात बुडालेली, वापरात असलेली कार्ट्रिज वाचवायचा प्रयत्न करू नका. पुराच्या पाण्यातला गाळ नोझलमध्ये गेला की ती गेलीच.

१०. केव्हा सोडून द्यायची

कोमट कापडावर दोन-तीनदा ठेवूनही ठसा उमटत नसेल, ठिपके घासल्यासारखे झाले असतील, किंवा प्रिंटर कार्ट्रिज ओळखतच नसेल, तर आणखी वेळ घालवू नका. ती घंटागाडीत टाकायची नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश आहे. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. रिफिल करणारे काही दुकानदार रिकाम्या कार्ट्रिज घेतात, तेही विचारा.

आणि ज्यांचं काम फक्त काळ्या अक्षरांचं आहे, तेही महिन्याकाठी दहा-वीस पानं, त्यांनी पुढचा प्रिंटर लेसर घ्यावा. त्यात शाईऐवजी टोनर, म्हणजे कोरडी पूड असते, त्यामुळे सुकायचा प्रश्नच नाही. टोनर कार्ट्रिज काढून ठेवलीच तर काळ्या पिशवीत, आडवी ठेवा, कारण बऱ्याच टोनर कार्ट्रिजमधल्या ड्रमला, म्हणजे छपाईच्या नळकांड्याला, उजेड सोसत नाही.